शब्द, अर्थ आणि आचार
(जैन परिभाषेच्या आकलनाचा महाराष्ट्रातील इतिहास)

इंद्रायणीच्या तीरावर वसलेले चऱ्होली हे गाव आळंदीचे निकटचे शेजारी. वाघेश्वराच्या टेकडीवरील देवस्थान, नदीकाठची शेती आणि वारकऱ्यांची ये-जा ही या गावाची परंपरागत ओळख. १९९७ मध्ये चऱ्होली बुद्रुकचा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समावेश झाला आणि उद्योगनगरीच्या विस्ताराबरोबर येथे नाना प्रांतांतील, नाना पंथांतील कुटुंबे स्थिरावली. एकाच गल्लीत हरिपाठ आणि प्रतिक्रमण यांचे स्वर ऐकू येऊ लागले. मात्र शेजार घडला म्हणजे परस्परांचे शब्द समजलेच, असे नाही.

‘समाधी’ हाच शब्द घ्यावा. इंद्रायणीच्या परिसरात या शब्दाने प्रथम आठवते ती ज्ञानेश्वर महाराजांची १२९६ मधील संजीवन समाधी आणि त्या समाधीचे पवित्र स्थान. पातंजल योगाच्या अभ्यासकाला हाच शब्द अष्टांगांतील शेवटचे अंग सांगतो. जैन श्रावकाच्या कानी तो ‘समाधिमरण’ या शब्दातून येतो, आणि तेथे त्याचा अर्थ असतो चित्ताची समता, राग-द्वेषांचा उपशम. शब्द एक, पण त्यामागील तत्त्वविचार भिन्न. हा भेद ध्यानात घेतला नाही तर गैरसमज केवळ पंडितांच्या सभेपुरते राहत नाहीत; ते घरात, समाजात आणि प्रसंगी न्यायालयातही पोहोचतात. जैन परिभाषेच्या बाबतीत हे महाराष्ट्रात कसे घडले आणि तिचा अर्थ लावण्याचे प्रयत्न येथे कोणी कसे केले, याचा हा संक्षिप्त आढावा.

समान शब्द, स्वतंत्र अर्थ

जैन दर्शनाने भारतीय तत्त्वज्ञानातील सामाईक शब्द वापरले, परंतु त्यांना स्वतःचे निश्चित अर्थ दिले. ‘धर्म’ म्हणजे सदाचार, कर्तव्य, उपासनामार्ग हे अर्थ जैनांनाही मान्य आहेत. तथापि षड्द्रव्यांच्या विवेचनात धर्म हे एक द्रव्य आहे. जीव आणि पुद्गल यांच्या गतीला जे साहाय्यक होते ते धर्मद्रव्य आणि स्थितीला जे साहाय्यक होते ते अधर्मद्रव्य. माशाला पाणी ढकलत नाही, पण पाण्यावाचून त्याला पोहता येत नाही, हा परंपरेतील दृष्टान्त प्रसिद्ध आहे. येथे ‘अधर्म’ म्हणजे पाप असे समजून वाचणाऱ्याला संपूर्ण प्रकरणच दुर्बोध होईल.

‘पुद्गल’ शब्दाची कथाही अशीच आहे. बौद्ध ग्रंथांत पुद्गल, पालीत ‘पुग्गल’, म्हणजे व्यक्ती. जैन दर्शनात पुद्गल म्हणजे स्पर्श, रस, गंध आणि वर्ण यांनी युक्त असे जड द्रव्य. एकाने ज्या शब्दाने चेतन माणसाचा निर्देश केला, त्याच शब्दाने दुसऱ्याने अचेतन द्रव्याचा केला. कर्माकडेही जैन विचार याच दृष्टीने पाहतो. कर्म ही केवळ कृती किंवा तिचा अदृश्य संस्कार नसून आत्म्याला येऊन बद्ध होणारे सूक्ष्म पुद्गल आहे. म्हणूनच आस्रव, बंध, संवर आणि निर्जरा हे शब्द अर्थपूर्ण ठरतात. कर्माचे आत येणे, चिकटणे, येण्याला अटकाव होणे आणि झडून जाणे, असा हा क्रम आहे.

‘योग’ शब्द तर अधिकच विचारप्रवर्तक आहे. आळंदी परिसरातील श्रोत्याला योग म्हणजे परमात्म्याशी जोडणारी साधना. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र काया, वाचा आणि मन यांच्या क्रियेला योग म्हटले असून तोच कर्माच्या आस्रवाचे द्वार मानला आहे. परिणामी चौदा गुणस्थानांतील सर्वोच्च अवस्था ‘अयोगी केवली’ या नावाने ओळखली जाते. आचार्य हरिभद्रसूरींनी योगबिंदू व योगदृष्टिसमुच्चय या ग्रंथांत मोक्षाशी जोडणारा तो योग, हा व्यापक अर्थही स्वीकारला. म्हणजे जैन परंपरेच्या आतही शब्दाचा अर्थ संदर्भानुसार पाहावा लागतो.

‘नास्तिक’ हा शब्द जैनांच्या वाट्याला अनेकदा आला. जगाचा कर्ता असा ईश्वर जैन दर्शनाला मान्य नाही, हे खरे. पण नास्तिक कोण, याची व्याख्या सर्वत्र एक नाही. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे; पाणिनीच्या सूत्राच्या व्याख्याकारांनी परलोक न मानणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. पहिल्या व्याख्येने जैन नास्तिक ठरवले गेले. दुसऱ्या व्याख्येने ते निःसंशय आस्तिक ठरतात. कारण आत्मा, पुनर्जन्म, कर्मफल आणि मोक्ष यांवाचून जैन दर्शन उभेच राहत नाही.

‘स्यात्’ शब्दाच्या वाट्याला आलेला गैरसमज तर शतकानुशतके टिकून राहिला. व्यवहारातील संस्कृतात ‘स्यात्’ म्हणजे ‘असेल’, ‘असू शकेल’. त्यावरून स्याद्वाद म्हणजे संशयवाद, अशी समजूत रूढ झाली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याच अंगाने टीका केली आहे. जैन नैयायिकांच्या मते ‘स्यात्’ हे येथे क्रियापद नसून निपात आहे आणि त्याचा अर्थ ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा आहे. घट द्रव्याच्या अपेक्षेने नित्य आहे आणि पर्यायाच्या अपेक्षेने अनित्य आहे, या विधानात संशयाला जागाच नाही. उलट कोणत्या अपेक्षेने बोलतो हे सांगण्याची शिस्त आहे. या विषयावरील मल्लिषेणसूरींची ‘स्याद्वादमंजरी’ शके १२१४ मध्ये पूर्ण झाली. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधील. दोन वर्षांच्या अंतराने दोन भिन्न परंपरांत शब्दार्थाचे असे श्रेष्ठ चिंतन घडले, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे १९५४ मध्ये थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्याद्वादाचा आणि संख्याशास्त्राच्या पायाभूत कल्पनांचा संबंध आपल्या निबंधात मांडला.

मराठीतून परिभाषेचा परिचय

ही परिभाषा मराठीत आणण्याचे काम अर्वाचीन काळात सुरू झाले, अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. पंधराव्या शतकातील गुणकीर्ती यांनी ‘धर्मामृत’ हा गद्य ग्रंथ रचून श्रावकांसाठी धर्मतत्त्वांचे विवेचन मराठीत केले. त्यांच्यानंतरही जैन कवींनी पुराणकथा व व्रतकथा मराठीत आणल्या. हे साहित्य दीर्घकाळ हस्तलिखितांत बंद होते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर आणि डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांच्या संशोधनामुळे ते अभ्यासकांसमोर आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक चालवून मराठी वाचकापर्यंत धर्मविचार पोहोचविला. पुणे विद्यापीठातील जैन अध्यासनाला त्यांचेच नाव देण्यात आले. सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने शास्त्रशुद्ध संपादित ग्रंथांची परंपरा निर्माण केली. तिच्या संपादकांपैकी डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ ग्रंथाची विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध केली. मूळ पाठ निश्चित केल्यावाचून शब्दाचा अर्थ निश्चित होत नाही, हा धडा या पिढीने घालून दिला.

एका नावाने दिलेला पुरावा

युरोपीय विद्वानांनी जैन आगमांकडे लक्ष दिले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची समजूत अशी होती, की जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा असावी. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १८७९ मधील कल्पसूत्राच्या आवृत्तीत या मताचे खंडन केले. त्यांच्या प्रतिपादनात एका नावाला मोठे महत्त्व होते. पाली ग्रंथांत बुद्धांच्या समकालीन आचार्यांमध्ये ‘निगंठ नातपुत्त’ यांचा उल्लेख येतो. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ, ज्याची ग्रंथी सुटली आहे असा. आणि नातपुत्त म्हणजे ज्ञातृकुलात जन्मलेला. हे वर्णन भगवान महावीरांचेच आहे, हे सिद्ध होताच जैन परंपरेचे स्वतंत्र आणि प्राचीन अस्तित्व प्रतिपक्षाच्याच ग्रंथांतून प्रमाणित झाले. एका शब्दाच्या यथार्थ आकलनाने संपूर्ण इतिहासाला दिशा मिळाली.

पुण्याला आलेले पत्र

परंतु ज्या याकोबींनी हे उपकार केले, त्यांच्याच अनुवादाने पुढे समाजात अस्वस्थता निर्माण झाली. १८८४ मध्ये ‘पौर्वात्य पवित्र ग्रंथ’ या इंग्रजी मालेच्या बाविसाव्या खंडात त्यांचा आचारांगसूत्राचा अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यातील भिक्षाविधीच्या एका उताऱ्यात पुष्कळ हाडे असलेले मांस आणि पुष्कळ काटे असलेला मासा, असे शब्द आले. अहिंसेला परमस्थानी मानणाऱ्या श्रमणांच्या आचारग्रंथात हे शब्द वाचून श्रावकांना धक्का बसावा, हे स्वाभाविक होते.

वास्तविक हे शब्द प्राचीन टीकाकारांनाही विचारात टाकणारेच होते. दशवैकालिकात याच प्रकारचे स्थळ असून तेथे ‘पुद्गल’ हा शब्द आला आहे. हरिभद्रसूरींनी त्यावरील टीकेत शब्दशः अर्थ नोंदवून, वनस्पतींचे प्रकरण चालू असल्यामुळे ही विशिष्ट फळांची नावे होत, असे इतरांचे मतही दिले. भगवतीसूत्रातील रेवती श्राविकेच्या दानप्रसंगावर लिहिताना अकराव्या शतकातील अभयदेवसूरींनीही दोन्ही मते नोंदविली. ‘अस्थि’ म्हणजे फळाची बी आणि ‘मांस’ म्हणजे फळाचा गर, असा वैद्यकग्रंथांतील प्रयोगही व्याख्याकारांनी पुढे केला. या आचार्यांची प्रामाणिकता येथे विशेष जाणवते. आपल्याला अप्रिय वाटणारे मत त्यांनी दडवून ठेवले नाही. ते नोंदवून त्याशेजारी दुसरे मत ठेवले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुण्यात मोतीलाल लाधाजी हे गृहस्थ ‘आर्हतमतप्रभाकर’ मालेतून जैन न्याय व आगम ग्रंथ प्रकाशित करीत होते. स्याद्वादमंजरी आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेले सूत्रकृतांग ही या मालेतील प्रकाशने. आचारांगाच्या या वादस्थळासंबंधी त्यांचा याकोबींशी पत्रव्यवहार झाला. १४ फेब्रुवारी १९२८ च्या पत्रात याकोबींनी आपली भूमिका स्पष्ट केली. पतंजलीच्या महाभाष्यातील आणि वाचस्पतिमिश्रांच्या न्यायविषयक टीकेतील एका दृष्टान्ताकडे त्यांनी लक्ष वेधले. मासे घेणारा माणूस खवले आणि काटेही घेऊन येतो, कारण ते वेगळे करता येत नाहीत. नंतर तो खाण्याजोगे तेवढे घेऊन उरलेले टाकून देतो. हा शास्त्रकारांचा एक ठरीव दृष्टान्त होता. त्यावरून आचारांगातील शब्दही लाक्षणिक आहेत, असा निष्कर्ष याकोबींनी काढला. ज्या पदार्थाचा अल्प भाग खाण्यायोग्य आणि बहुत भाग टाकण्याजोगा, असा पदार्थ साधूने भिक्षेत स्वीकारू नये, एवढेच त्या स्थळाचे तात्पर्य. प्राध्यापक हीरालाल रसिकदास कापडिया यांनी जैन आगमसाहित्याच्या आपल्या इंग्रजी इतिहासग्रंथात या खुलाशाची नोंद केली आहे. पुण्यातील एका प्रकाशकाने निषेधाबरोबर विचारणेचाही मार्ग स्वीकारला आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी केलेल्या अनुवादावर एका वृद्ध पंडिताने पुन्हा विचार केला. ज्ञानव्यवहाराची ही दोन्ही बाजूंनी शोभणारी रीत आहे.

धर्मानंद कोसंबी : वाद आणि अंत

हा वाद मात्र येथे संपला नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धांच्या अंतिम भोजनातील ‘सूकरमद्दव’ या शब्दाची चर्चा करताना त्यांनी मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि आचारांगादी आगमांतील वर उल्लेखिलेली स्थळे शब्दशः अर्थाने घेतली. त्यावर जैन समाजातून तीव्र प्रतिक्रिया उमटली. खंडनपर लेखन झाले. कोसंबी आपल्या मतावर ठाम राहिले. त्यांच्या दृष्टीने प्राचीन श्रमणांचे मोठेपण त्यांच्या ताटावरून ठरत नव्हते. समाजाच्या दृष्टीने मात्र तो अहिंसेच्या अखंड परंपरेचा प्रश्न होता. दोन्ही पक्षांना सत्याचीच चाड होती, म्हणूनच हा वाद इतका जिव्हारी लागला.

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. कोसंबींनी आयुष्याच्या अखेरीस भगवान पार्श्वनाथांच्या शिकवणीचा सखोल विचार केला. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे पार्श्वनाथांचे चार याम. महावीरांनी ब्रह्मचर्याचा स्वतंत्र उल्लेख करून पाच महाव्रते सांगितली. ही संख्या भिन्न का, या प्रश्नाची चर्चा उत्तराध्ययनाच्या तेविसाव्या अध्ययनात केशी व गौतम यांच्या संवादात आली आहे. शब्द बदलले तरी आशय एकच आहे, हे दोन परंपरांच्या साधूंनी परस्परांना विचारून जाणून घेतले, असा तो आदर्श संवाद आहे. कोसंबींना या चार यामांत सर्व मानवजातीच्या उपयोगी पडणारा मार्ग दिसला. शरीर व्याधिग्रस्त झाल्यावर आहाराचा क्रमशः त्याग करून देह ठेवावा, असा विचार त्यांच्या मनात स्थिरावला. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे त्यांनी एकदा तो निश्चय बाजूला ठेवला. परंतु शेवटी सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये त्यांनी शांतपणे देह ठेवला. गांधीजींनी आपल्या प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली. एका शब्दाच्या अर्थावरून ज्यांच्याशी जैन समाजाचा तीव्र मतभेद झाला, त्याच बौद्ध पंडिताने मृत्यूला सामोरे जाताना जैन परंपरेतील सल्लेखनेचा मार्ग आपलासा केला.

‘सल्लेखना’ : अर्थ न्यायालयात

सल्लेखना म्हणजे सम्यक् प्रकारे कृश करणे. शरीर आणि क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय, या दोहोंना कृश करणे असा हा दुहेरी अर्थ आहे. संथारा म्हणजे संस्तारक, गवताचे अंथरूण. तिसरा शब्द समाधिमरण. यांपैकी एकाही शब्दाचा मूळ अर्थ स्वतःला मारणे असा नाही. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा आणि असाध्य व्याधी अशा निरुपाय प्रसंगीच सल्लेखना सांगितली आहे. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त आत्मवधाचा आक्षेप स्वतःच उपस्थित करून त्याचे उत्तर दिले आहे. राग, द्वेष आणि मोह यांच्या आवेशाने विष वा शस्त्र वापरणारा आत्मघात करतो. सल्लेखना करणाऱ्याच्या ठिकाणी हे आवेश नसतात. व्यापाऱ्याच्या कोठाराला धोका उत्पन्न झाला तर तो प्रथम कोठार वाचवू पाहतो; ते शक्य नसेल तर आतील मौल्यवान माल वाचवितो. शरीर आणि व्रते यांचा संबंध तसाच आहे, असा हा दृष्टान्त.

हे विवेचन ग्रंथांत होते. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने निखिल सोनी यांच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना संथारा हा धर्माचा अनिवार्य भाग असल्याचे सिद्ध झाले नाही, असे म्हटले आणि भारतीय दंडसंहितेच्या ३०६ व ३०९ या कलमांखाली तो गुन्हा समजावा, असा आदेश दिला. देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने सर्वसाधारण कलम राहिले नाही.

कायदा बदलला, तरी त्या प्रसंगाने विचारलेला प्रश्न समाजासमोर आहेच. याचिकाकर्त्यांची एक चिंता अशी होती, की वृद्ध व्यक्तीवर आप्तांचा दबाव येऊ शकेल. तिला केवळ घोषणांनी उत्तर मिळत नाही. उत्तर शास्त्राच्या अर्थातच आहे. जेथे स्वेच्छा नाही, गुरूंची अनुज्ञा नाही, क्षमायाचना नाही आणि मनात समता नाही, तेथे आहारत्याग घडला तरी सल्लेखना घडत नाही. लवकर मरावे ही आकांक्षासुद्धा तत्त्वार्थसूत्राने या व्रताचा अतिचार मानली आहे. शब्दाचा अर्थ जितका काटेकोर, तितके दुर्बलांचे रक्षण अधिक. हा अर्थ श्रावकांच्या घरोघरी ज्ञात नसेल, तर तो न्यायासनाला पटवून देणे कठीण जाईल.

कोशाचे कार्य

अर्थनिर्णयाची ही गरज ओळखून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९८७ मध्ये प्राकृत भाषांच्या बृहत् कोशाचे कार्य सुरू झाले. प्रधान संपादक होते डॉ. अमृत माधव घाटगे. जैन साहित्यातील प्रत्येक शब्दाचे प्रयोग मूळ ग्रंथांतून गोळा करून, कालक्रमाने त्यांचे अर्थ देणे हे या कोशाचे स्वरूप. या कार्यामागे आर्थिक बळ उभे करणारे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक, विधिज्ञ आणि उद्योगपती. आकुर्डी येथील बजाज टेम्पो कारखान्याची उभारणी त्यांचीच. पिंपरी-चिंचवड परिसरात यंत्रांचे सुटे भाग तयार होत असतानाच, येथील उद्योगातून उभ्या राहिलेल्या दानातून आगमांतील शब्दांचे सुटे भाग तपासले जात होते, ही या नगरीच्या इतिहासातील अभिमानाची बाब आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, प्राकृत, पाली, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. मराठी आणि प्राकृत यांना हा मान एकाच दिवशी मिळावा, हे उचितच झाले. महाराष्ट्री प्राकृताशी मराठीचे नाते मुलीचे आहे. जैन आचार्यांनी याच प्राकृतात कथा, चरित्रे आणि टीका लिहून ती भाषा जतन केली.

मंदिरे, स्थानके आणि उपाश्रय उभारणे हे विश्वस्त संस्थांचे दृश्य कार्य. ते पन्नास वर्षांत मोजता येते. शब्दांचे अर्थ जतन करणे हे अदृश्य कार्य, आणि ते प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. हरिभद्र व अभयदेव यांनी अप्रिय मतही नोंदविले. मोतीलाल लाधाजींनी पत्र लिहून विचारले. याकोबींनी पुनर्विचार केला. केशी आणि गौतम यांनी एकत्र बसून शंका दूर केल्या. पाठशाळेतील मुलाने ‘अधर्म म्हणजे पाप, मग ते द्रव्य कसे?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचे स्वागत व्हावे. ‘स्यात्’ शब्दाचा खरा अर्थ जाणणाऱ्या परंपरेला ते शोभून दिसेल.